हेमलता परत गेली नाही

मंडळी, बसा. मागं भिंतीला टेकून उभे आहात त्यांनी पुढं या, खुर्च्या रिकाम्या आहेत. आज बाजारपेठ बंद ठेवून आलात. वरच्या वाड्यांवरनं चालत आलात, कुणी कर्जतहून जीप करून आलात. इब्राहिमभाई असते तर तोंडावर हात ठेवून हळूच म्हणाले असते, "एवढं पब्लिक? आज काय शेवटचा भाग हाय काय?"

होय भाई, शेवटचा भाग आहे.

बोलायला उभी तर राहिले. तेहतीस वर्षं वर्गात बोलले, पण इथं बोलणं वेगळं. त्यात हा माईक शिट्टी मारतोय. या हॉलमध्ये माईकनं शिट्टी मारली की खिडकीकडच्या रांगेतून एक माणूस उठायचा, वायर जरा हलवायचा आणि पाहुण्यांकडं न बघता परत जागेवर जाऊन बसायचा. आज तो उठणार नाही. मारू दे शिट्टी.

बाहेरगावच्या लोकांसाठी सांगते. मी सुनंदा. इथलीच, कशेळ्याची. वरच्या वाडीच्या शाळेत शिक्षिका होते, मागच्या वर्षी निवृत्त झाले. भाईंचं आमच्या बाजारात टीव्ही दुरुस्तीचं दुकान. त्यांच्यामागं अमिनाभाभी आहेत, त्या इथं पुढंच बसल्यात.

भाईंच्या दुकानात टीव्ही दुरुस्तीला टाकला की तो दोन दिवसांत दुरुस्त व्हायचा आणि पंधरा दिवसांनी मिळायचा. माणूस विचारायला गेला की ठरलेलं उत्तर. "टेस्टिंग चालू हाय." काय टेस्टिंग? तर रविवारचा पिक्चर अर्धा झालेला असायचा. आपलाच टीव्ही, आणि आपणच दुकानाबाहेरच्या बाकावर बसून बघायचा! हसताय? निम्मे लोक त्याच बाकावर बसलेले आहात, मला सगळे तोंडपाठ आहेत.

आणि मतं काय एकेक! भाईंचं म्हणणं, ज्या पिक्चरमध्ये कुणी जेवत नाही तो पिक्चर खोटा. नायक ताटावरनं रागानं उठून गेला की बाकीचे डोळे पुसायचे, भाई चिडायचे. "गेला तो. आता ते ताट कोण उचलणार? ते दाखवत नाय बघ हे लोक." व्हिलननं फोन उचलला की भाई वाकून फोनची वायर शोधायचे. वायर नसली की संपलं, पुढचा अख्खा पिक्चर त्यांच्या मनातून उतरला. हल्लीच्या मालिकांत सासूचा चेहरा तीन तीन वेळा दाखवतात ना, धाड धाड आवाज करून? भाई म्हणाले, "आण तिला दुकानात. अडकलीये."

एक नियम मात्र कडक होता. पिक्चर संपला, नावं सुरू झाली की कुणी उठायचं नाही. दिवेवाला, शिवणवाला, चहावाला, सगळ्यांची नावं वर जाऊन पडदा काळा होईपर्यंत बसायचं. कुणी चप्पल शोधायला लागला की भाई ओरडायचे, "बस रं! त्यांनी काम केलंय. बघ तरी कोण होते ते." मला वाचता येतं म्हणून ती नावं मोठ्यानं वाचायचं काम माझ्याकडं होतं. तेव्हा मी शाळेत शिकत होते.

आता जे सांगणार आहे ते गावात कुणाला माहीत नाही. काल भाभींना विचारलं, सांगू का? भाभी म्हणाल्या, "सांग. त्यांनी तुलाच ठेवलंय सांगायला."

हेमलताची मालिका आठवते? छत्तीस वर्षं झाली. रविवारी सकाळी लागायची. हेमलता नवऱ्याचं घर सोडून निघते, शिवणकाम करून एका खोलीत राहते, आणि नवरा तिला न्यायला येणार असतो. ती जाईल का नाही, यावर या बाजारात दोन तट पडले होते. पिठाच्या गिरणीत भांडणं व्हायची.

माझं वय तेव्हा बावीस. लग्न होऊन दीड वर्ष झालेलं, सासर खालापूरच्या बाजूला. आणि मी माहेरी आलेली. सासरी काय चालायचं ते तेव्हाही चारचौघांत बोलले नाही, आजही बोलणार नाही. आईनं माझे हात बघितले होते, तेवढं पुरे. वडील नव्हते. आई एसटी स्टँडवर भाजी घेऊन बसायची. भावकीतले रोज येऊन तिला सांगायचे, पोरीला पाठवून दे, शोभत नाही. आई काही बोलायची नाही. शेवटी ठरलं, सोमवारी सासरचे येणार आणि मी जायचं. पिशवी भरून झाली होती.

आणि त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, हेमलताचा शेवटचा भाग.

सकाळी नऊलाच लाईट गेली! सगळा बाजार भाईंच्या दुकानापुढं जमला. तेव्हा एकदा गेलेला भाग पुन्हा दिसत नव्हता, गेला तो गेला. मग लोकांनीच भाईंना जीपमध्ये बसवलं. जा कर्जतला, बहिणीकडं बघा आणि येऊन सांगा.

दुपारी भाई आले. साठ-सत्तर माणसं असतील, मी आणि आई पण होतो. भाई बाकावर उभे राहिले. त्यांनी जे सांगितलं ते तुम्हाला सगळ्यांना पाठ आहे. नवरा दारात आला. हेमलतानं त्याला पाणी दिलं, बसा म्हणाली. तो म्हणाला, चल घरी. ती म्हणाली, "मी घरातच हाय." आणि मशीनवर जाऊन बसली. नावं सुरू.

किती वर्षं बोललो आपण ते! बायांनो, खरं सांगा. कुणी तोंड सोडलं, कुणी म्हटलं निघ घरातनं, की आपण म्हणायचो ना, "मी घरातच हाय"? माझ्या वर्गातल्या पोरी म्हणायच्या. कुणाचं आहे, कुठलं आहे, त्यांना पत्ता नव्हता.

सोमवारी सासरचे टेंपो घेऊन आले. भावकी ओटीवर बसली होती. माझी आई, जी कधी कुणापुढं मान वर करून बोलली नाही, ती दारात आडवी उभी राहिली. सासरे म्हणाले, पोरीला घरी पाठवा. आई बोलली, "ती घरातच हाय." ओटीवरच्या एकाही माणसानं सासऱ्यांची बाजू घेतली नाही. आदल्या दिवशी याच वाक्याला त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, आता काय बोलणार? एकजण तर हळूच म्हणाला, हां, टीव्हीतली पण नाय गेली. टेंपो रिकामा गेला. मी पुढं शिकले, डीएड केलं, शाळेत लागले. माझं जे काही झालं ते त्या दारापासून झालं.

आता ऐका. दोन वर्षांपूर्वी मला मोबाईलवर ती मालिका सापडली, सगळी अठरा भागांची. चार दिवस दुसरं काही केलं नाही. शेवटच्या भागाला चष्मा पुसून बसले. नवरा दारात आला, हेमलतानं पाणी दिलं. तो म्हणाला, चल घरी. मी त्या वाक्याची वाट बघत होते, मंडळी. माझ्या ओठावर आलं होतं ते वाक्य.

हेमलता रडली. नवऱ्याच्या पाया पडली आणि त्याच्या मागून टांग्यात जाऊन बसली. परत गेली हो ती! नावं सुरू झाली. मी बघतच राहिले. म्हणजे माझं सगळं आयुष्य एका थापेवर उभं? आई बिचारी जन्मभर ती थाप खरी मानून गेली?

तडक दुकानात गेले. भाई एक जुना सेट उघडून बसले होते. मी म्हटलं, भाई, हेमलता परत गेली.

भाईंनी वर बघितलं नाही. म्हणाले, "बघितलंस वाटतं."

मी म्हटलं, तुम्ही खोटं बोललात! सगळ्या गावाशी! माझ्या आईशी!

"बोललो," म्हणाले. "पण तूच सांग. सतरा भाग ती बाई जे बोलत होती, ते अठराव्यात विसरली? असं असतंय काय? लिहिणारा घाबरला गं शेवटी. सेट बिघडलाय ते दिसत असताना तसाच परत द्यायचा? मी दुरुस्त केला."

मी विचारलं, माझ्यासाठी केलंत?

यावर भाई एवढंच म्हणाले, "कर्जतहून येताना जीपमध्ये तुझी आठवण झाली, नाय असं नाय."

मग आतून भाभी आल्या. त्या म्हणाल्या, त्या रविवारी हे जेवले नाहीत. ताट तसंच. मला म्हणाले, अमिना, आज मी सत्तर माणसांपुढं खोटं बोललोय. या माणसानं कधी कुणाला चांगला पार्ट खराब म्हणून सांगितला नाही, मंडळी. त्यांना ते खोटं जड गेलं. आणि ते ताट भाभींनी उचललं, हेही सांगून टाकते, नाहीतर भाई रागावतील.

मी रडायला लागले. म्हटलं, माझी आई भोळी, तिनं विश्वास ठेवला तुमच्यावर.

तेव्हा भाईंनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. म्हणाले, "भोळी? तुझी आई? अगं, तिला त्याच दिवशी ठाऊक झालेलं. मुरबाडकडनं संध्याकाळची एसटी आली. कंडक्टरनं तिकडं बघितलेली मालिका. तो स्टँडवर उतरला आणि पयलं तुझ्या आईलाच बोलला, मावशी, गेली ओ हेमलता नवऱ्यासंगं. तुझी आई भाजीची पाटी तशीच ठेवून माझ्याकडं आली. बोलली, भाई, तो कंडक्टर कायबाय बडबडतोय. मला तोंड वर करवेना. तर ती बोलली, तुमी सांगितलंत तेच खरं हाय. उद्या ओटीवर कोणी तुमाला बोलवलं, तर तेच सांगा. आणि त्या कंडक्टरला सांगा, त्याचा टीव्ही बिघडलाय."

ऐकताय ना, मंडळी? मी चौतीस वर्षं समजत होते की आईला टीव्हीतल्या बाईनं धीर दिला. तसलं काही नव्हतं. आईचं ठरलं होतं. तिला फक्त भावकीपुढं टाकायला एक वाक्य हवं होतं, आणि तिला वाक्य जुळवता येत नव्हतं. ते भाईंनी जुळवलं.

कंडक्टरला भाईंनी खरंच सांगितलं हो! "तुमच्याकडं भलतंच लागलं असेल, अँटेना फिरवून घ्या." तेव्हा आपल्या इकडं सगळीकडं एकच चॅनेल! तरी गावानं कंडक्टरला वेड्यात काढलं. त्या भल्या माणसाची आज इथं माफी मागते. तो खरं बोलत होता.

दुकानातून निघताना मी विचारलं, भाई, गावाला सांगू? म्हणाले, "मी हाय तोवर नको. लोक सेट दुरुस्तीला टाकायचे बंद होतील. मग सांग. पण नीट सांग, पायरी पायरीनं, मधलं गाळू नको."

नीट सांगितलं का भाई? जमेल तसं सांगितलं.

मला तुमची फार आठवण येईल. टीव्ही लावला की येईल. एखादा ताटावरनं उठून गेला की येईल. तुमच्याशी भांडायला आता कुणी नाही, हे मला सोसवत नाही, आणि ते मी सगळ्यांसमोर सांगतेय.

मंडळी, त्या मालिकेच्या शेवटी नावं येतात. मी मोबाईलवर तीन वेळा वाचून काढली. लिहिणाऱ्याचं आहे, दिवेवाल्याचं आहे, टांगेवाल्याचंसुद्धा आहे. आपण बघितली ती मालिका वेगळी होती आणि तिची नावं कधीच लागली नाहीत. लहानपणी नावं वाचायचं काम माझ्याकडं होतं. आजही मीच वाचते.

शेवटचा भाग. लेखन, इब्राहिमभाई. दारात उभी राहिलेली बाई, माझी आई, पार्वती. ताट उचलणारी, अमिनाभाभी.

आता दोन मिनिटं शांत बसायचं आहे. उभं राहू नका. भाईंना उभं राहिलेलं चालायचं नाही. कुणी चप्पल शोधू नका, कुणी मोबाईल बघू नका. पडदा काळा होईपर्यंत बसा.

नावं सुरू झाली आहेत.