डायनासोरचा दुसरा भाग

नगरच्या एसटी स्टँडवर यशोधरा नर्सबाई सुप्याच्या बसची वाट बघत बसली होती. शेजारी पुणतांब्याचा एक शेतकरी आणि त्याची लेक भारती, दोघं नुकतीच थेटरातून आलेली.

"सुप्याला सासरी सोडायच्या आधी पोरीला पिक्चर दाखवावा म्हनलं, तर ह्या दुसऱ्या भागानं समदा इचका केला."

"पहिला भाग लई भारी हुता, तात्या."

"पहिल्यात त्या डायनासोरचं नुसतं पाऊल वाजलं तरी पोटात गोळा यायचा. आता बघावं तवा दारात उभंच, रतिबाच्या गवळ्यावानी!"

"आन मानसं हिंदीत बोंबलत्यात."

"व्हय, त्यांच्यापरास डायनासोरच बरं बोलत हुतं. पन मला एक कळंना. एकदा जीव वाचवून आलेली मानसं परत त्याच बेटावर जात्यातच कशी?"

"कुनीतरी समजावलं आसंल. आता तिथली जनावरं सुदारली म्हनून."

"असं कोन सांगंल?"

"बापच आसंल कुनाचा तरी."

यशोधरेने मान वळवली. पोरीचा डावा हात कोपरापर्यंत पांढुरका आणि वाळलेला होता, प्लास्टर नुकतंच काढल्यासारखा.

शेतकरीही त्याच हाताकडे बघत होता. मग सुप्याची बस लागली. भारतीने पिशवी उचलली.

"ठेव खाली."

"तात्या, गाडी सुटंल."

"सुटू दे."

यशोधरा बसमध्ये चढली. बस वळताना तिने खिडकीतून पाहिलं. म्हातारा चौकशीच्या खिडकीत वाकून पुणतांब्याची गाडी विचारत होता.