काठावरचा बांध

टाळकरी, जरा हात थांबवा. पेटीवाले, सूर धरून ठेवा, पण डोळे मिटू नका — तुमची समाधी आणि झोप मला लांबून सारखीच दिसते.

मंडळी, आज एक प्रश्न घेऊन उभा आहे. जग तापतंय, समुद्र चढतोय. आणि त्याच जगात कितीतरी घरांत आजही संध्याकाळी चूल पेटेल की नाही याचा भरवसा नाही. तर आधी काय करायचं? समुद्र अडवायचा, की चूल पेटवायची? शहाणी माणसं म्हणतात, एका वेळी एक. देवानं हात दोन दिले, तरी आपला हट्ट — एका वेळी एक.

ऐका तर. खाडीच्या तोंडाशी एक गाव, तिवरपाडा. गावची भातशेती भरतीच्या पाण्याच्या खाली. मग बुडत कशी नाही? मध्ये मातीचा बांध आहे, वाडवडिलांनी चिखल तुडवून घातलेला. आणि रिवाज असा — ज्याचं शेत, त्यानं त्याच्या समोरचा बांध सांभाळायचा. दिवाळी झाली, जमीन वाळली, की चिखल काढून बांधावर चढवायचा. किती सरळ न्याय, नाही? माना डोलावताय. डोलवा, डोलवा. पुढे बघू.

बांधाच्या मध्यावर गजानन घरतांचं शेत, गावात सगळ्यांत मोठं. सगळे त्यांना नाना म्हणत. नानांनी आपल्या बांधावर दगड रचले, सिमेंट ओतलं. शेतातलं पाणी बाहेर सोडायला बांधात फळ्यांचं जुनं दार होतं — त्याला उघडी म्हणतात — तीही बुजवली. पाहुणा आला की आधी चहा नाही, आधी बांध दाखवायचे!

आणि अगदी टोकाला, जिथे लाट सरळ येऊन आपटते, तिथे धर्मा आणि चांगुणा या नवराबायकोचं ओंजळीएवढं शेत. त्यातला भात वर्षाला पुरेना. म्हणून दिवाळी झाली की दोघं वीटभट्टीवर कामाला जायची. म्हणजे बघा — ज्या महिन्यांत आपल्या बांधाला चिखल हवा, त्याच महिन्यांत ही दोघं दुसऱ्याचा चिखल तुडवत होती. त्या चिखलाच्या विटा, विटांची भट्टी, भट्टीचा धूर. असल्याच धुरानं हवा तापते, समुद्र तापतो, आणि तापलेलं पाणी फुगतं. फुगलेलं पाणी आधी कुठे चढतं? धर्माच्या बांधावर.

तुम्ही म्हणाल, बुवा, त्या एका भट्टीचा धूर तो केवढा! बरोबर. चिमूटभर. बाकीचा आपला — मी इथे गाडीनं आलो, तुम्ही मंडपात एवढे दिवे लावलेत. धूर सगळ्यांचा, लाट मात्र पहिली धर्माची.

नाना त्याला हटकायचे. "धर्मा, बांध खचलाय तुझा. जरा हात चालव."

"चालवतो की नाना. पन बांधाला चिखल घालू आनि पोटाला काय, तोच?"

"ते तुझं तू बघ. रिवाज तो रिवाज."

मग आली श्रावणातली अमावस्या. भर दुपारी उधाण, वर वारा. पाण्यानं नानांच्या सिमेंटला थोपटलं आणि पुढे गेलं. टोकाला धर्माचा बांध फोडला. तिथून शेताशेतांत शिरत, मागच्या बाजूनं फिरून, खारं पाणी नानांच्या भातात येऊन उभं राहिलं.

आता खरी गंमत ऐका. ओहोटी लागली, खाडी उतरली, पण नानांच्या शेतातलं पाणी काही उतरेना. उतरणार कुठून? उघडी बुजवलेली, बांध पक्का. नानांच्या बांधाला समुद्र येताना अडवता आला नाही — जाताना मात्र त्यानं बरोबर अडवला.

भात जळाला. गाव देवळात जमलं. नाना उभे राहिले. "हे टोकाचं शेत आता समुद्राला देऊन टाकू. त्याच्या अलीकडून नवा बांध घालू. बाकीचं गाव तरी वाचेल."

माना डोलल्या. मघाशी तुमच्या डोलल्या होत्या ना, अगदी तशाच.

धर्मा खाली बघत बसला. होतं तेवढं शेत त्या तीन वाक्यांत बुडालं होतं. पण मागे बायकांत बसलेली चांगुणा उठली.

"नाना, आमचं शेत गेलं, मग काठावर कोन?"

"कोण म्हणजे? पुढचा. काशिनाथ."

काशिनाथची मान डोलायची थांबली.

"आनि काशिनाथभावजींचं गेलं, मग?"

नानांनी देवळाबाहेर, बांधाच्या दिशेनं बघितलं.

"एकेक शेत खात समुद्र तुमच्याच दारात येनार, नाना. आमी हाव म्हनून तुमी मधे हाव. आमाला बाहेर टाकाल, तर तुमचाच बांध तुमी काढाल."

तेवढ्यात नानांच्या पत्नी सुगंधाबाई म्हणाल्या, "भट्टीवाला जेवायला घालतो, म्हणून ही दोघं तिकडं चिखल तुडवतात. आपण घालू. इथंच तुडवतील."

कुणी म्हणालं, "वैनी, मग रिवाजाचं काय?"

"रिवाज आमच्या शेतात उभा आहे, गुडघाभर. बघून या."

मंडळी, त्या दिवशी तुकड्यातुकड्यांचा बांध सगळ्या गावाचा एक झाला. जो बांधावर राबेल त्याच्या घरी गावाच्या कणगीतून भात जाईल, उघडीत सापडेल ती मासळीही त्याचीच, असं ठरलं. धर्मा-चांगुणा भट्टीवर गेली नाहीत. जाणारी दुसरी घरंही थांबली. नानांनी उघडी मोकळी केली, आपल्या बांधावरचे दगड काढून टोकाला नेऊन रचले. चांगुणानं बायका जमवून बांधाबाहेरच्या खाऱ्या चिखलात तिवरांची रोपं लावली. नाना म्हणाले, "समुद्रात बाग लावतेस काय गं?" ती म्हणाली, "लाटेला दम खायला जागा नको?"

काही पावसाळे गेले. तिवरं डोक्यावर गेली, मुळांत खाडीचे खेकडे, चिंबोऱ्या आल्या, चिंबोऱ्या बाजारात गेल्या. आणि पुन्हा तीच श्रावणातली अमावस्या, पुन्हा भर दुपारी उधाण — आणि या खेपेला पाणी मागच्यापेक्षा उंच.

अख्खं गाव बांधावर. लाटा तिवरांत शिरल्या, मोडल्या, दमून बांधाशी आल्या. तरी पाणी चढतच होतं. टोकाच्या कोपऱ्यात ते झिरपायला लागलं. पहिला पेंढ्याचा भारा घेऊन कोण धावलं? नाना.

धर्मा म्हणाला, "नाना, तुमचा बांध तिकडं हाय."

"चिखल टाक. बोलू नको."

पेंढा, चिखल, दगड. पेंढा, चिखल, दगड. हातातून हातात. पाणी बांधाच्या माथ्याला टेकलं, थबकलं — आणि उतरू लागलं.

चांगुणा आत शेतात उतरली. भाताच्या मुळाशी बोट बुडवलं, जिभेला लावलं, आणि बांधाकडे बघून म्हणाली, "गोडं हाय."

बोला, त्या दिवशी तिवरपाड्यानं समुद्र अडवला, की चूल पेटवली? काम दोन होती का?

देशादेशांचं हेच चाललंय. मधले आपापलं सिमेंट उंच करतात आणि टोकाच्यांना म्हणतात, तुमचं तुम्ही बघा. पण देशांचं राहू द्या, ते आज मंडपात आलेले नाहीत. तुम्ही आलाय. तुमच्या गावाचा काठ कुठे आहे? नाल्यालगत कोण राहतं? वैशाखात पत्र्याखाली कोण भाजतं? तुमचा बांध तेवढाच उंच, जेवढा त्यांच्या दाराशी आहे.

उद्या सकाळी त्या दारांकडे जायचंय. मी येतोय. तुमच्यातले कोण कोण येणार?

माना नका डोलावू. हात वर करा.

हं. आता वाजवा टाळ!