उजव्या हाताचा चुडा

सोमवारच्या उपासाला मी कुणावर चिडत नाही, पण त्या सोमवारी चिडलेच बाई! माझी नणंद शैला देशोदेशी टेनिस खेळून नुकतीच थांबलेली. तिच्या लग्नाचा चुडा भरायला कासार आमच्या भाईंदरच्या घरी आला. डाव्या हातात बांगड्या सहज चढल्या. रॅकेट धरून रुंदावलेल्या उजव्या हातात मात्र दोन तडकून वाढल्या. होणाऱ्या सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, “हातात दोष आहे, आधी का नाही सांगितलंत?”

“दोष?” मी उठलेच. “या हाताने तिने परदेशी पोरींना रडवलंय! तुमच्या लेकाने वसईची खाडी तरी ओलांडलीय का?”

शैला कुजबुजली, “वहिनी, उपास!”

“महादेवाला कळतंय,” म्हटलं आणि कासाराकडे वळले, “दादा, मोठं माप काढा. हात काही लहान होणार नाही.”