एक शिंक आणि बारावी पट्टी

...हसा, हसा, तुमचं काय जातंय हसायला! तुम्हाला सांगतो, आठ महिने माझ्या घशाखाली घास उतरत नाहीये. का? तर ते वर गेलेलं यान. आणि त्याला इंजिनच नाही हो! नुसतं शीड. मैदानाएवढं, केसाहून पातळ. त्यावर ऊन पडायचं आणि उन्हाच्या रेट्यानं यान सरकायचं. हे यान ज्यांनी आखलं त्या मॅडमना विचारलं, वाट कोण दाखवणार? तर चष्मा सावरत म्हणतात, "अहो, वाटा तिथं असतातच. सूर्य एकीकडे ओढतो, पृथ्वी दुसरीकडे, त्या ओढाताणीत उतार तयार होतात. आपण फाट्यावर शीड जरा तिरकं करायचं, पुढं उतारच नेतो." आणि फाटा चुकला तर? "मग गेलं." चहाचा घोट घेत म्हणाल्या, बरं का!

मी कोण? मी घड्या घालणारा. जन्मभर पॅराशूटच्या घड्या घातल्या, म्हणून शिडासाठी मला बोलावलं. खोलीत धुळीचा कण नको, अंगभर पांढरा झगा, आणि शिंकायला बंदी. आता जिथं शिंकायचं नाही तिथंच शिंक येणार की नाही? कुठवर आलो ते कळावं म्हणून घडीत एक लाल पट्टी ठेवली, पुस्तकात खूण ठेवतात तशी, बाहेर पळालो, झगा काढला, शिंकलो, झगा चढवला, परत येऊन पुढची घडी घातली. बारा पट्ट्या घेतल्या, बारा परत दिल्या म्हणून सही ठोकली. यान उडालं. मग पट्ट्यांचा डबा आवरताना बघतो तर... अकरा! बारावी त्या शिंकेच्या घडीतच राहिलेली.

घरी येऊन सगळं ओकून टाकलं. बायको म्हणाली, "सांगून टाका, होऊन होऊन काय होईल?" अगं, कोपरा अडकेल, शीड कलेल, फाटा चुकेल, आणि इंजिन नाही गं त्याला, मागं कसं वळणार? मॅडमची बारा वर्षं माझ्या एका शिंकेपायी! तीनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो, तीनदा "सहज आलो होतो" म्हणून परत फिरलो. भ्यालो, दुसरं काय.

यान ठरल्या जागी पोचल्यावर, पंधरवड्यापूर्वी, शीड उघडलं. तीन कोपरे ताठ, चौथा दुमडलेला. सगळे म्हणाले, यंत्र अडलं असेल. मीही मान डोलावली. काल फाटा आला. मॅडमनी चहाला हातही लावला नव्हता, पडद्यासमोरचा माणूस म्हणाला, "वळलं... पण भलतीकडे." म्हटलं, आता बोलायचंच. "मॅडम, ती पट्टी..." तेवढ्यात तो माणूस ओरडला, हा उतार जास्त सरळ आहे, दीड वर्ष आधी मुक्कामी पोचतंय!

मॅडमनी माझे दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, "त्या दुमडलेल्या कोपऱ्यानंच वळवलं हो! तो तुम्ही कसा दुमडलात देव जाणे. पुढच्या यानाला हुबेहूब तश्शीच घडी घाला."

आता बोला! त्यालाही इंजिन नाही. पट्टी ठेवीन हो मी, पण कितव्या घडीत? मला काय ठाऊक... त्या वेळी, तुमची शपथ, माझं सगळं लक्ष नाकात होतं.