नवस नानांचा, पाय काकूंचे

मंडळी, ऐका! आणि ज्यांचं नाक मांडवामागच्या वासाकडे लागलंय, त्यांनीही ऐका! पुऱ्या तळतायत, कळलं मला — मलाही नाक आहे! पण आधी आख्यान, मग प्रसाद.

आजचा प्रश्न सोपा आहे. नवस बोलायला काय लागतं? — तोंड! आणि फेडायला? — पाय लागतात, कंबर लागते, उपास लागतो! मग मला सांगा, बोलणारं तोंड एकाचं आणि झिजणारे पाय दुसऱ्याचे, तर देवानं तो नवस कुणाचा धरायचा?

पुरुष मंडळी, माना खाली का घातल्यात? बरं, चला माझ्याबरोबर हिरवडीला.

हिरवडी म्हणजे तळ्याकाठचं गाव. तळ्याला लागूनच उभा डोंगर, आणि माथ्यावर डोंगराईचं देऊळ. या गावातले बाजीनाना शेलार — आवाज असा की अलीकडे शिंकले तर पलीकडच्या काठावर म्हशी उठून उभ्या राहाव्यात! एके दुपारी नानांना मूतखड्याची कळ आली. आई गं! ओटीवर गडाबडा लोळले आणि ओरडले —

“डोंगराई, सोडव मला! माझी बायको उपाशीपोटी, अनवाणी डोंगर चढून तुला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवेल!”

माझी बायको! ऐकलंत ना? खडा यांचा, कळ यांची — आणि डोंगर बायकोला! ती बायको, म्हणजे यमुनाकाकू, आत माजघरात गुडघ्याला तेल चोळत होत्या. गुडघा सुजून टम्म. चोळता हात तसाच थांबला. आणि तेवढ्यात, लीला बघा, खडा पडला!

काकू बाहेर आल्या. “अहो, मला एकदा विचारायचं तरी!”

“कळ आली होती मला! विचारायला वेळ कुठं होता?”

“आणि गुडघ्याचं काय? लेकीचं बाळंतपण आलंय. तिच्याकडे जाऊन मला उभ्यानं सगळं करायचंय. हा गुडघा गेला तर तिच्याजवळ कोण आहे?”

“देवी बघून घेईल!” म्हणाले नाना, आणि पंचांग उघडलं.

दिवस ठरला नवरात्राच्या पहिल्या माळेचा. सकाळी काकू दारात उभ्या. “अहो, डोंगराचा माथा दिसत नाहीये. तळं काळं पडलंय. दोन दिवस थांबू या की!” नाना म्हणाले, “दिवस शुभ आहे!” पंचांगात दिवस बघितला हो, दारातून आभाळ नाही बघितलं!

आता नानांची तयारी ऐका. पायात करकरीत नवे बूट, कारण अनवाणी कुणी जायचं? बायकोनं! डोळ्यांवर काळा चष्मा. आणि काखेत घडीची खुर्ची! का? तर — “तुझा नैवेद्य होईपर्यंत मी वर बसू कुठं?” छत्री? “खुर्ची धरू की छत्री धरू?” पाणी? “एवढं मोठं तळं आहे की!” अहो, तळं खाली, तहान वर! हसू नका, सहलीला जाताना तुमच्या घरीही हेच संवाद होतात. काकूंनी मात्र पहाटे उठून पाट्यावर पुरण वाटलं, पोळ्या केल्या, टोपली कमरेवर घेतली आणि निघाल्या. उपाशी. अनवाणी.

अर्ध्या डोंगरावर पोचतात न पोचतात, तोच तळ्यावरून वारा उठला. आणि असा पाऊस आला म्हणता — आडवा! डोंगराची लाल माती म्हणजे नुसतं लोणी! नानांचे नवे बूट सरकले की हो! धप्प! एक बूट पायातून निघाला आणि गडगडत गेला थेट तळ्यात. चष्मा त्याच्या मागोमाग. काकूंची बोटं मात्र चिखलात घट्ट रुतलेली. नानांनी धरायला काय धरलं? काकूंचा पदर!

त्यात धुकं उतरलं. वाट दिसेना. कुठल्या बाजूला कडा, काही कळेना. नाना खरोखर घाबरले हो! डोळे मिटले, पदरासकट हात जोडले आणि —

“डोंगराई! एवढं सुखरूप घरी ने! माझी बाय—”

फाट्! काकूंचा हात नानांच्या तोंडावर!

“खबरदार! माझं नाव घेतलंत तर! गुडघ्याला आग लागलीये माझ्या. खडा पडला तो तुमचा आणि चढतेय मी! आता जे बोलायचं ते स्वतःच्या नावानं बोला, नाहीतर माझा पदर सोडा!”

पखवाजवाले, थांबा. इथं वाजवू नका. नानांचा एवढा मोठा आवाज, आणि “मी” म्हणताना केवढासा झाला, मंडळी!

“डोंगराई… मी… मी येईन. अनवाणी.”

“उपाशी,” काकू म्हणाल्या.

“उपाशी.”

“आणि पुरण?”

“पुरण तू—” पदर हिसकला! “मी! मीच वाटीन! पाट्यावर!”

मग काकूंनी काय केलं? नानांच्या काखेतली ती खुर्ची काढून उघडली, भर पावसात ऐसपैस बसल्या आणि पाय लांब केला. भिजून लगदा झालेल्या पोळ्यांचा माथ्याकडे तोंड करून नैवेद्य दाखवला, आणि नानांनाही घास दिला. धुकं ओसरलं. नवसानं? छे, वाऱ्यानं! देवीच्या नावावर खोटं कशाला सांगू? नानांनी खांदा दिला, काकू लंगडत खाली आल्या. माथा राहिला तो राहिलाच.

पण गुडघा वाचला! लेकीचं बाळंतपण काकूंनी उभं राहून निभावलं. त्या परत आल्या आणि एके दिवशी, लख्ख आभाळ बघून, नाना निघाले. अनवाणी. टोपलीत स्वतः लाटलेल्या पोळ्या, एकेक अशी जाड की दाराला अडणा म्हणून लावावी! आणि काकू? तळ्याच्या काठी, त्याच खुर्चीवर, पाण्यात पाय सोडून!

वरून आवाज आला, “अगं, खडे टोचतायत गं!”

काकू खालून ओरडल्या, “देवी बघून घेईल!”

हसलात ना पोटभर? मग आता जरा मागं वळून बघा. मांडवामागं चुलीच्या धगीसमोर आपल्या आयाबहिणी दुपारपासून पुऱ्या लाटतायत. सप्त्याला महाप्रसाद घालायचा, हे ठरवताना इथल्या बैठकीत हात कुणी वर केले होते? तुम्हीच ना? त्यांच्यापैकी एकीला तरी विचारलं होतं? आजच्या आख्यानातला एक शब्दही त्यांच्या कानी पडलेला नाही.

तेव्हा उठा! पुढच्या रांगेपासून उठा! पेटीवाले, तुम्हीही! पोळपाट तुमच्या हाती, झारा तुमच्या हाती. त्यांना इथं सतरंजीवर आणून बसवा, पाणी द्या. पुऱ्या कच्च्या राहिल्या तरी चालतील, मी खाईन. त्या टेकल्या, की मी हे आख्यान पहिल्यापासून सांगणार आहे.