बॉनेटवरच्या मुंगवड्या

हसलो, हे कबूल हाय मले. पण तुमीच सांगा, सख्ख्या साडूच्या नव्याकोऱ्या गाडीले कांजण्या झालेल्या दिसल्या तर माणूस हसन नाई तं काय करन? अन् वरतून आमची दिपाली म्हणते, तुमाले हसाले लाजबी नाई वाटली? वाटली ना, लाजबी वाटली. पण हसू आधी आलं अन् लाज मागून आली, त्याले मी काय करू?

थांबा, तुमाले नीटच सांगतो, नाई तं तुमीबी मलेच दोष द्यान. जितेंद्र म्हणजे माहा साडू. बायकोच्या लहान बहिणीचा, प्रीतीचा, नवरा. नागपुरात बेसा भागात राहते, दोघंबी नोकरीवाले, छोटंसं घर, समोर अंगण. यानं पाडव्याले गाडी घेतली. गर्द निळी, अन् चमक अशी का तिच्यात पाहून भांग पाडून घ्यावा. बरं, गाडी घेतली तं माणूस गाडीत बसन का नाई? हा ऑफिसात स्कूटरनं जाते. मी म्हटलं, अरे बावा, गाडी घेतली कायले मग? तं म्हणे, "दादा, ऑफिसच्या पार्किंगमंदी पोट्टे कश्याबी गाड्या लावतात, एखादी रेघ पडली तं?" म्हणजे गाडी घेतली कायले, तं पुसाले. रोज सकाळी पिवळं मऊ फडकं घेऊन, आडवं, एकाच दिशेनं. मी एक दिवस मदत म्हणून फडकं हातात घेतलं अन् गोल फिरवलं, तं हा अंगावर धावला, "गोल नका फिरवू दादा, जाळं पडते रंगावर." गाडीजवळून जाले लागलो तं म्हणते, बेल्टचं बक्कल सांभाळा. दरवाजा उघडाले गेलो तं म्हणते, अंगठी काढता काय जरा? मी मोठा जवाई हाय त्या घरचा, अन् धाकट्याच्या गाडीत बसाले अंगठी काढून खिशात ठेवतो. पण बोलतो कसा? जवाई माणूस.

आता मधात आमच्या सासूबाई येतात. बायजाबाई. सावनेरच्या. आमी दोघंबी जवाई त्यायले मामी म्हणतो. मामी म्हणजे उन्हाळा लागला का सगळ्या गल्लीचं वाळवण एकटीच्या हिमतीवर काढनारी बाई. कुरडया म्हणू नका, पापड म्हणू नका, शेवया म्हणू नका, अन् मुंगवड्या... मुंगवड्या तं अशा का रस्सा केला तं पोळ्या मोजू नये. पण दोन वर्षांपूर्वी आमचे सासरे गेले, मामाजी, अन् मामीनं कुरडयाचा सोऱ्या माळ्यावर टाकून दिला. दोन उन्हाळे गेले, घरात एक पापड नाई का एक वडी नाई. बोलतबी नव्हत्या धड. टीव्ही सुरू राहे अन् मामी भिंतीकडं पाहत बसत. फार वाईट वाटे, खरं सांगतो. तं यंदा मे महिन्यात प्रीतीनं त्यायले आपल्या घरी आणलं, अन् एक दिवस जेवता जेवता मामी म्हणतात, "प्रीते, मुंगाची दाळ हाय का वं घरात?"

बस. एवढंच. प्रीती बाथरूममंदी जाऊन रडली. तिथून तिनं दिपालीले फोन लावला, इकडं दिपाली रडली, अन् मी ताटावर बसून राहिलो होतो तं मले दुसरी पोळी कोणी वाढली नाई. मले राग नाई आला. मलेबी भरूनच आलं होतं. पण पोळी तं पाहिजे ना जी.

आता अडचण काय, का जितेंद्रनं गच्चीवर सोलर बसवलं हाय. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाट्याच पाट्या. वीजबिल शून्य, अन् वड्या टाकाले जागाबी शून्य. खाट म्हणावं तं घरात सगळे पेटीचे पलंग. दुसऱ्या दिवशी नवराबायको दोघं ड्युटीवर गेले, घरात मामी एकट्या, पातेलंभर वाटलेली दाळ, त्यात अद्रक, मिरची, सांभार म्हणजे आपली कोथिंबीर, अन् बाहेर आपल्या नागपूरचं मे महिन्याचं ऊन. मामी जागा शोधत शोधत अंगणात आल्या. समोर गाडी. मामीनं कव्हर उचललं. अन् तुमी त्या बाईच्या जागी उभं राहून पाहा बरं. लोखंडाचं पातं, लांबरुंद, तव्यासारखं तापलेलं, काचेसारखं स्वच्छ, उंचावर, कुत्रं चढत नाई, मांजर चढलं तं पाय पोळते. अशी जागा आपल्या आया-बायायले उभ्या जन्मात भेटली होती काय?

मामीनं बॉनेट ओल्या फडक्यानं पुसलं, कोरड्यानं पुसलं, अन् ताटाले लावतात तसं बोटानं तेल लावलं. अन् टाकल्या वड्या. ओळीनं. बॉनेट भरलं, तरी दाळ उरली, म्हणून स्टूल घेतला अन् टपावर टाकल्या.

पाच वाजता जितेंद्र आला. फाटकाशी स्कूटर उभी केली तं आतून आवाज, खर्र... खर्र... याले वाटलं, शेजारी भिंतीचा रंग खरवडून राहिले. हेल्मेट काढत काढत आत आला तं मामी बॉनेटवर वाकलेल्या अन् हातात सराटा. सराटा म्हणजे आपलं उलथनं, पोळी परतवाचं, पोलादी. सराटा बॉनेटवरून सरकवला का वडी टुणकन सुपात. मामीनं वर पाह्यलं अन् हसल्या. "या जवाईबापू. पाहा, एका दिवसात खडखडीत. सावनेरले गच्चीवर दोन दोन दिवस लागत." अन् बॉनेटवर थाप मारून म्हणतात, "गाडी चांगली हाय जी तुमची."

जितेंद्रनं तोंड उघडलं. मामीच्या मागं दारात प्रीती उभी. नुकतीच ड्युटीवरून आलेली, खांद्यावर पर्स तशीच. तिनं दोन्ही हात जोडले अन् अशी मान हलवली, नाई... नाई... मग यानं मामीच्या तोंडाकडं पाह्यलं. दोन वर्षांनी त्या तोंडावर हसू होतं. कपाळावर घाम, नाकाले दाळ लागलेली, अन् हसून राहिल्या होत्या. यानं तोंड मिटलं. म्हणे, "छान झाल्या मामी." बोलन काय दुसरं? जवाई माणूस.

अन् तेवढ्यावर भागलं नाई. जेवाले त्याच वड्यायचा रस्सा. मामी वाढून राहिल्या, "घ्या ना जवाईबापू, तुमच्यासाठीच तं केल्या." हा घास घ्याच्या आधी एक एक वडी उलटून पाहे. एका वडीच्या बुडाले निळा रंग निघाला. ती त्यानं कोणाले दिसन नाई अशी रुमालात बांधून खिशात ठेवली.

सकाळी मले फोन. इतक्या हळू आवाजात, मले वाटलं घरात चोर शिरला. "दादा, तुमची गाडी घेऊन या. काही विचारू नका." गेलो. त्यानं कव्हर उचललं. गोल गोल डाग, भोवती तेलाचं कडं, अन् मधून सराट्याच्या रेघा. तीनशे बारा डाग. मी नाई मोजले, त्यानं मोजले होते. अन् तिथं, तुमाले सुरुवातीलेच सांगतलं, मी हसलो. हा बिचारा बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मग माहं हसू गेलं. मी म्हटलं, चाल गा, सदर भागात चंद्रभान पेंटर हाय, माह्या ओळखीचा, करू काही तरी. प्रीतीनं फाटकापर्यंत येऊन एकच सांगतलं, "आईले कळलं का तिनं गाडी खराब केली, तं ती पुन्हा वाळवणाले हात लावनार नाई. गाडी सर्विसिंगले चालली, समजलं?" समजलं.

चंद्रभान म्हणजे तीस वर्षं रंगात घालवलेला माणूस. त्यानं चष्मा लावला, वाकला, बोट फिरवलं, अन् आमच्याकडं पाह्यलं. "भाऊ, गाय घासून गेलेली गाडी पाह्यली म्या. मांज्यानं चिरलेली पाह्यली. बायकोनं किल्लीनं शिव्या लिहिलेली पाह्यली. ये क्या है?"

जितेंद्र म्हणे, "वड्या."

"कोणच्या?"

"मुंगाच्या."

चंद्रभाननं चष्मा काढून पुसला. मग अगदी गंभीर होऊन विचारते, "अद्रक टाकलं होतं काय? अद्रक रंगाले लय वाईट."

मग विमावाला. सौरव नावाचा पोट्टा आला पाहणी कराले, गळ्यात पट्टा, हातात मोबाईल, फटाफट फोटो काढले. "सर, धडक कशाशी झाली?" धडक नाई झाली. "मग आग? पूर? दंगल?" नाई. "जनावर?" जितेंद्र म्हणे, सासूबाई. तो पोट्टा मोबाईलमंदी खाली-वर पाहत राहिला, तेवढ्यात यानं खिशातून रुमाल काढला अन् पुरावा म्हणून ती वडी त्याच्यापुढं ठेवली. पोट्ट्यानं वडी निरखून पाह्यली, वास घेतला, तिचाबी फोटो काढला. "सर, तिसऱ्या पक्षाकडून नुकसान झालं असं लिहू का?" मग स्वतःच डोकं खाजवून म्हणते, "पण सासू तिसरा पक्ष होते का? घरचीच होते ना." आमी तिघायनंबी यावर खूप वेळ विचार केला. शेवटी त्यानं लिहिलं, 'उष्णतेमुळे.' खोटं नाई म्हणता येत.

चार दिवस गेले. रोज मामी विचारत, "एवढ्या दिवसाची कोणची सर्विसिंग जी?" अन् रोज जितेंद्र नवीन पार्टाचं नाव सांगे. पाचव्या दिवशी चंद्रभान स्वतः गाडी घेऊन घरी आला. मीबी होतो, दिपालीबी होती. गाडी पाहाल तं शोरूममधून निघाल्यासारखी. जितेंद्रच्या डोळ्यात पाणी. आता चंद्रभाननं किल्ली द्याव अन् निघून जाव का नाई? नाई. मामीनं पाणी आणून दिलं, तं हा गिलास हातात घेऊन मामीलेच म्हणते, "आजी, घरच्यायले सांगा जरा. सराट्यानं बॉनेट खरवडतात काय कोणी? तीन दिवस घासून राहिलो होतो."

मामी म्हणाल्या, "सराट्यानं?" अन् त्यायचं तोंड... तुमाले कसं सांगू. दोन वर्षं जे तोंड आमी पाहत होतो, ते हळूहळू परत येऊन राहिलं होतं. हात पदराशी गेला. प्रीतीनं माह्याकडं पाह्यलं, मी दिपालीकडं.

अन् जितेंद्र म्हणाला, "मी केलं मामी."

मी पाहतच राहिलो. म्हणे, "तुमच्या वड्यायच्या नंतरचं हाय ते. पाखरायनं घाण केली होती, वाळून गेली, निघेना. मीच सराटा घेतला अन् खरवडलं." जो माणूस फडकं गोल फिरवू देत नाई, तो चारचौघांत हे म्हणून राहिला होता. तिकडं चंद्रभान म्हणाले लागला, "पण तुमी तं म्हणत होते का वड्या..." मी त्याच्या पायावर पाय दिला. चांगला दाबून दिला.

मामीनं जितेंद्रले खालून वर पाह्यलं. "सराट्यानं? एवढ्या महागाच्या गाडीले?"

"चुकलं मामी."

"नवी वस्तू हाय जी ते. पोलादी सराटा असा घासतात काय कोणी? म्या तं तेल लावून हलकेच सरकवला होता. एवढे शिकले तुमी."

"चुकलं."

मग मामी एकदम हसल्या. म्हणतात, "तुमचे मामाजीबी असेच. नवा रेडिओ आणला अन् चमकन म्हणून राखेनं घासला. मी आठ दिवस बोलली नाई त्यायच्याशी." पदरानं डोळे पुसले. "आता वाटते, काहून नाई बोलली." दोन वर्षांत त्यायनं मामाजीचं नाव पहिल्यांदा काढलं होतं. दिपाली रडून राहिली होती, प्रीती रडून राहिली होती, चंद्रभान पाय चोळून राहिला होता. मामीनं जितेंद्रच्या पाठीवर हात फिरवला. "जाऊ द्या जवाईबापू. होते चूक माणसाच्या हातून. मी काही म्हणत नाई तुमाले."

म्हणजे पाहा, गाडी याची, रंग याचा गेला, अन् माफी त्यायनं केली याले. अन् यानं मान खाली घालून घेतली ती माफी. मले त्या दिवशी हा पोट्टा लय मोठा वाटला, खोटं नाई सांगत. अंगठी काढल्याबिगर त्याच्या गाडीले हात लावनार नाई मी आता.

सगळं छान झालं होतं. मी चपला घालून निघालोबी होतो. तेवढ्यात मामी मागून म्हणतात, "प्रीते, या गाडीवर आता मी काही टाकत नाई बापा. यायच्याजवळ वस्तू टिकत नाई." अन् माह्याकडं वळून, "अंकुशराव, तुमी सांभाळून वापरता. गहू भिजू घातले म्या, परवा कुरडया टाकाच्या हाय. तुमची गाडी घेऊन येजा, अन् सकाळपासून उन्हात लावजा."

मी दिपालीकडं पाह्यलं. तिनं हात जोडले. मी जितेंद्रकडं पाह्यलं, तं तो पिवळं फडकं घेऊन आपल्या गाडीचा आरसा पुसून राहिला होता, एकाच दिशेनं. बोलतो कसा मी? काल गाडी धुवून आणली. टप दोनदा धुवून घेतला. कुरडयायले धूळ लागली तं मामीले वाईट वाटन.