पेनल्टीच्या खुणेवरचं गवत

मेव्हिस : तिथून नको म्हणतोस, मग कुठून? मला काय कुठलंही गवत नकोय, सिरिल. गवत माझ्या दारातही आहे.

सिरिल : मी एवढंच म्हणतोय, मधल्या वर्तुळातलं घ्या. तिथलं दाट आहे. डब्यात छान बसेल.

मेव्हिस : मधल्या वर्तुळात माझा नवरा नाही. माझा नवरा कारखान्याकडच्या गोलसमोर आहे, पेनल्टीच्या खुणेवर. बारा वर्षांपूर्वी खूण तूच दाखवलीस आणि त्याची राख मी माझ्या हातानं टाकली. सोमवारी तुमची यंत्रं येणार, सगळं खरवडून नेणार आणि वर हिरवी सतरंजी अंथरणार. त्याआधी मला विल्फ हवाय. केकचा डबा आणलाय, सुरी आणलीय. तू फक्त बाजूला हो.

सिरिल : सतरंजी नाही हो, ऑर्मरॉडबाई. प्लॅस्टिकचं गवत. आठवडाभर शाळेच्या पोरी खेळणार, संध्याकाळी म्हातारे खेळणार. पाऊस आला की मॅच रद्द, ही कटकट संपेल. क्लब तगेल त्याच्यावर.

मेव्हिस : चाळीस वर्षं तू या गवताला अंघोळ घातलीस. आणि तगेल म्हणतोस?

सिरिल : मला काय वाटतं ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी क्लब तगू दे असंच म्हणालो असतो.

मेव्हिस : बरं. सरक.

सिरिल : आज नको. कालच औषध मारलंय. हाताला लागलं तर खाज सुटेल.

मेव्हिस : काल तू दात काढायला गेला होतास. तुझ्या बायकोनंच सांगितलं मला. काय लपवतोयस?

सिरिल : काही नाही. त्या कोपऱ्यातलं घेतलंत तर... विल्फ तिकडेच उभा राहायचा ना, झेंड्यापाशी?

मेव्हिस : उभा तिकडे राहायचा, पण त्याचा जीव या खुणेत होता. का, ते तुला ठाऊक आहे.

सिरिल : ठाऊक आहे. सत्तावन्न सालचा जानेवारी.

मेव्हिस : सत्तावन्नचा जानेवारी. विल्फ चौदा वर्षांचा. तिकिटाला पैसे नाहीत म्हणून कातड्याच्या कारखान्याच्या भिंतीवर चढलेला. कपच्या मॅचला लंडनचा तो बडा क्लब आलेला, पहिल्या डिव्हिजनचा. आणि आपण थॉर्नशॉ टाउन, तिसऱ्या डिव्हिजनच्या तळाचे. कातडं कमावणाऱ्या कामगारांनी काढलेला क्लब, म्हणून तपकिरी शर्ट. ते लोक नाकाला रुमाल लावून मैदानात उतरले. एक-एक झालेलं, चार मिनिटं उरलेली. क्रॅबट्रीनं चेंडू खुणेवर ठेवला, बुटाचं टोक पोटरीला पुसलं...

सिरिल : आणि गोलकीपर डावीकडे, चेंडू उजवीकडे.

मेव्हिस : माझ्या लग्नात ही गोष्ट सांगितली त्यानं. जॅनिस झाली तेव्हा नर्सला सांगितली. पोरगी बघायच्या आधी!

सिरिल : मला दर शनिवारी सांगायचा. मध्यंतरात. मी खड्डे बुजवत असायचो, तो कठड्यावरून सांगायचा.

मेव्हिस : दुसरं होतंच काय सांगण्यासारखं? पाच वर्षांत लीगमधून हाकलले गेलो. तेही हरून नाही, मतदानानं! तळाला आलेल्या क्लबांनी बाकीच्यांकडे मतं मागायची असा तेव्हाचा कायदा. आणि आपले अध्यक्ष एंटविसल लंडनला काय घेऊन गेले? माझ्या बापाच्या दुकानातली साठ ब्लॅक पुडिंग. डुकराच्या रक्ताची, फडक्यात बांधलेली. त्या काचेच्या झुंबरांच्या हॉटेलात, सुटाबुटातल्या माणसांना!

सिरिल : दुसऱ्या क्लबनं म्हणे जेवणावळ घातली. वर सिगार.

मेव्हिस : साठ पुडिंग आणि मतं नऊ. खाल्ली मात्र सगळ्यांनी. माझा बाप मरेपर्यंत म्हणत होता, एक्कावन्न माणसांनी माझ्या तोंडाला पानं पुसली.

सिरिल : तेव्हापासून आपण खालीच.

मेव्हिस : खाली तर खाली. विल्फ एक शनिवार चुकला नाही. हे बघ, सिरिल, मला जायचं नाहीये पोरीकडे साउथपोर्टला. पण गुडघे ऐकत नाहीत, जिना चढवत नाही. जॅनिसनं खोली रंगवून ठेवलीय, खिडकीतून समुद्र दिसतो म्हणे. मला समुद्राचं काय करायचंय? एकोणऐंशी वर्षांत मी या गावाबाहेर चार रात्री काढल्या नाहीत. मला भीती वाटते. विल्फ सोबत असला तर जाईन. कुंडीत लावीन, खिडकीत ठेवीन. आता दे ते फावडं.

सिरिल : बाई, विल्फ तिथे नाही.

मेव्हिस : काय म्हणालास?

सिरिल : पेनल्टीच्या खुणेवर विल्फ नाही. अकरा वर्षं झाली.

मेव्हिस : मेल्या, मग मी दर शनिवारी कुणाला हात करत होते?

सिरिल : तुम्ही टेका जरा त्या खांबाला.

(मेव्हिस डबा खाली ठेवते आणि गोलच्या खांबाला पाठ टेकते.)

सिरिल : क्लबचा रिवाज काय आहे? गेलेल्या माणसाची चमचाभर राख मैदानात. उरलेली झेंड्याखालच्या वाफ्यात. एकतीस माणसं आली आजवर. तिसांच्या घरच्यांनी रिवाज पाळला.

मेव्हिस : तू चहा आणायला गेलास.

सिरिल : मी चहा आणायला गेलो आणि तुम्ही अख्खा डबा उपडा केलात.

मेव्हिस : सोळा स्टोन वजनाचा माणूस होता तो! दारातून आडवा निघायचा. चमचाभर विल्फनं काय झालं असतं? माझा हातच थांबेना.

सिरिल : मी आलो तर तुम्ही बुटानं पसरवत होतात. रडत होतात. मी काय बोलणार? कप हातात दिला.

मेव्हिस : साखर विसरला होतास.

सिरिल : इतकी राख पडली की गवत जळतं, बाई. हातभर वर्तुळ जळून गेलं. बी टाकलं, पाणी घातलं, नवं गवत आणून चिकटवलं. सगळं मेलं. ऑक्टोबर आला. मॅचच्या आदल्या दिवशी वर वाळू दाबली आणि चुन्याची खूण जरा मोठी मारली. वरून कुणाला कळलं नसतं.

मेव्हिस : कुठली मॅच?

सिरिल : तुम्हाला माहितीय कुठली.

मेव्हिस : नाही. सिरिल, ती नव्हे. गारसाइडची नव्हे.

सिरिल : तीच.

मेव्हिस : अरे देवा.

सिरिल : एकोणनव्वदावं मिनिट. एक-एक. पेनल्टी आपल्याला. जिंकलो असतो तर पन्नास वर्षांनी पहिल्यांदा कपच्या मुख्य फेरीत. पोरगा, गारसाइड, धावत आला, रोवलेला पाय वाळूत सटकला...

मेव्हिस : आणि चेंडू कारखान्याच्या छपरावर. मी माझ्या चहाच्या टपरीच्या खिडकीतून बघत होते. बरोबरी झाली म्हणून पुढच्या मंगळवारी त्यांच्याकडे जाऊन पुन्हा खेळलो, चार गोल खाल्ले. अरे, मी काय काय बोलले त्या पोराला! त्याच्या आईसमोर लंगडं गाढव म्हणाले. वर्षभरात त्यानं खेळणं सोडलं. माझ्या बापाचं दुकान घेऊन बसला, तर मी तिथून मांस घेत नाही. अकरा वर्षं मी बसनं पलीकडच्या गावाला जाते, सिरिल! एक पौंड सॉसेजसाठी! माझ्याच बापाच्या दुकानासमोरून!

सिरिल : बघतो ना मी. गुरुवारी, दहाच्या बसनं.

मेव्हिस : म्हणजे विल्फनं पाय ओढला त्याचा. जन्मभर ज्या दिवसाची वाट बघितली, तो विल्फनंच घालवला.

सिरिल : विल्फनं कसला. तो आपला पडून होता.

मेव्हिस : हो. मी घालवला. बोल ना तोंडानं. लाज वाटते रे मला. आणि तू? तू का नाही बोललास? बारा वर्षं दर शनिवारी माझा चहा पितोस!

सिरिल : तेव्हा तुम्ही नीट जेवत नव्हतात. टपरीत उभ्या राहायचात आणि चहा ओतता ओतता थांबून जायचात. त्यात हे कुठे सांगू? पुढच्या वर्षी सांगू म्हटलं. मग पुढच्या. मग ते राहिलंच.

मेव्हिस : आणि ते पोर? त्याचा काय गुन्हा होता? सगळं गाव त्याच्या नावानं खडे फोडत होतं.

सिरिल : त्याला सांगितलं होतं मी.

मेव्हिस : कधी?

सिरिल : त्याच आठवड्यात. बुधवारी. म्हटलं, तुझी चूक नाही, बाबा. सगळं सांगितलं, वाळूसकट. म्हटलं, मी उद्या सगळ्यांना सांगतो.

मेव्हिस : मग?

सिरिल : तो म्हणाला, सांगू नकोस. मी म्हटलं, अरे, ऑर्मरॉडबाई तुला उभा जाळतायत. तर म्हणाला, जाळू देत. निदान कशावर तरी भडकल्या, नवरा गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं बोलल्या. माझं काय, मी विसरेन.

मेव्हिस : असं म्हणाला?

सिरिल : तेवीस वर्षांचा होता तेव्हा.

मेव्हिस : विसरला का?

सिरिल : ते मी कधी विचारलं नाही.

मेव्हिस : रुमाल आहे का तुझ्याकडे? हा कसला, याला ग्रीस लागलंय. राहू दे, दे.

सिरिल : बसा जरा वेळ.

मेव्हिस : नाही बसत. विल्फ कुठाय? टाकून तर नाही ना दिलास कुठे?

सिरिल : छे हो. हंगाम संपल्यावर ती सगळी माती खणली, ढकलगाडीत भरली. टाकवेना. झेंड्याखाली जागा उरली नव्हती. मग स्टँडच्या मागे, नळापाशी, एक वाफा केला.

मेव्हिस : नळापाशी? तिथे तर तुझा रुबार्ब आहे.

सिरिल : हो.

मेव्हिस : दर एप्रिलमध्ये तू मला जुडी आणून देतोस. हाताएवढे लाल देठ.

सिरिल : हो.

मेव्हिस : मी साखरेत शिजवून त्याचा केक करते.

सिरिल : चांगला करता.

मेव्हिस : आणि टपरीवर विकते! दहा वर्षं! अख्ख्या थॉर्नशॉला!

सिरिल : बाहेरगावच्यांनाही. ते तर मुद्दाम आवडीनं घेतात.

मेव्हिस : गेल्या महिन्यात त्या टकल्या रेफरीनं दोनदा मागून खाल्ला!

सिरिल : बघितलं मी. मला तोंड फिरवावं लागलं.

मेव्हिस : विल्फ आयुष्यभर रेफरींना म्हणायचा, तुझ्या नरड्यात बसेन मी! अगं बाई... थांब, हसून पोटात कळ आली... आणि तो कप! भाजीपाल्याच्या प्रदर्शनातला!

सिरिल : सर्वोत्तम रुबार्ब, लागोपाठ तीन वर्षं. बासष्टनंतर क्लबच्या कपाटात आलेला एकुलता एक कप.

मेव्हिस : विल्फनं जिंकून दिला म्हणायचा. जन्मात कधी नाताळच्या लॉटरीत टर्की लागली नाही त्याला. ऊठ, फावडं घे.

सिरिल : रुबार्ब हलवायचे दिवस नाहीत हे. पानं वाळून गेल्यावर हलवायचा असतो.

मेव्हिस : पानं वाळतील तेव्हा मी समुद्र बघत बसलेली असेन. शनिवारी जॅनिस गाडी घेऊन येतेय.

सिरिल : मग मोठं ढेकूळ काढतो, मातीसकट. गड्डा मधोमध चिरतो. अर्धा तुमच्याबरोबर, अर्धा इथे. दोन्ही जगतात तसे.

मेव्हिस : हो, अर्धा इथेच असू दे. तुमच्या प्लॅस्टिकला नावं ठेवायला कुणीतरी हवं.

सिरिल : हा डबा पुरायचा नाही. बादली देतो.

मेव्हिस : तू खणायला लाग. मी तासाभरात आले. दुकान बंद व्हायच्या आत जायला हवं.

सिरिल : चारची बस गेली की.

मेव्हिस : बस कशाला लागते? समोरच तर आहे.

सिरिल : काय बोलणार त्याच्याशी?

मेव्हिस : आधी एक पौंड सॉसेज मागेन. मग बघते, तोंडातून काय निघतं ते.

सिरिल : बाई, एक लक्षात ठेवा. नव्या जागी पहिल्या वर्षी त्याचा एकही देठ तोडायचा नाही. मलूल होईल, पानं टाकेल, मेलं असंच वाटेल. घाबरायचं नाही. पाणी घालायचं आणि जरा कळ काढायची.

मेव्हिस : अख्खं वर्ष?

सिरिल : रुजायला तेवढं लागतंच. दुसऱ्या वर्षी मी येतो. गारसाइडलाही आणतो, तो आला तर. केक करून ठेवा.

मेव्हिस : बरं. एक वर्ष काढते मग.